कोठीला लागलेलं कुलूप

माझ्या तळपायाला कापूस कळतो. डोळ्यांनी आता समोरचं माणूस ओळखू येत नाही, पण घरातल्या गादीवर पाय ठेवला की आतला कापूस कोरडा आहे की दमट, हे मी अचूक सांगतो. घरचे हसतात. त्यांना हसू द्यावं. हे ज्ञान मी कुठून आणलं ते त्यांनी कधी विचारलं नाही आणि मीही होऊन सांगितलं नाही, कारण त्यात मला शोभण्यासारखं फार थोडं आहे.

गोष्ट अमरावतीची. सातासमुद्रापलीकडे कापूस पिकवणाऱ्या कुठल्याशा मुलखात लढाई पेटली होती आणि विलायतेच्या गिरण्यांना एकाएकी वऱ्हाडाची आठवण झाली होती. आगगाडीचे रूळ अजून आमच्यापर्यंत पोचायचे होते. कार्तिकात गाड्यांच्या रांगा लागायच्या त्या वैशाखापर्यंत तुटायच्या नाहीत. रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके लटकायचे. ज्याला त्याला घाई झालेली. माझं वय तेव्हा बावीस-तेवीस, लग्नाला दोन वर्षं झालेली, आणि घरची जमीन चार भावांत वाटली तर उभं राहायला पुरेल एवढी. मामा तिथे कापसाच्या दाबावर मुकादम होता. तो म्हणाला, "ये दाबावर. काम करणाऱ्याले येथी कोनी नाही म्हनत नाही." मी गेलो, आणि चार महिन्यांनी बायकोलाही घेऊन गेलो.

दाब म्हणजे कापसाची गठाण, म्हणजे गासडी, बांधायचं यंत्र. जमिनीत खोल बसवलेली सागवानी पेटी, तिच्यावर माणसाच्या कमरेएवढं जाड लाकडी मळसूत्र, त्याला चार लांब दांडे, आणि एकेका दांड्याला चार गडी. बैल घाण्याला फिरतात तसे आम्ही सोळा जण फिरायचो आणि कापूस खाली दबत जायचा. फिरण्याआधी पेटीत उतरून कापूस पायांनी तुडवायचं काम माझं. मी अंगाने हलका आणि स्वभावाने तापट. मामा म्हणायचा, "तुहा राग पायात उतरव, म्हंजे शेटच्या कामी येते." शेट परमुलखातला. त्याचं एक आवार अमरावतीला आणि एक अकोल्याला. तो महिन्यातून दोनदा यायचा. एरवी आमचा देव, सरकार आणि यम एकटा मामाच.

बायका कोठीत बसायच्या. मातीच्या जाड भिंती, गवताचं छप्पर, एकच दार, आणि वर हात पोचणार नाही अशा उंचीवर दोन झरोके. आत तीसेक बायका कापसाच्या ढिगापुढे बसून त्यातली पत्ती, काडी, किडका बोंडाचा तुकडा निवडायच्या. तो कचरा टोपल्यांत भरून संध्याकाळी नाल्यात टाकायच्या. दिवसभर कापसाची भुकटी उडायची. माझी बायको घरी यायची तेव्हा तिच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. मी तिला म्हातारी म्हणून चिडवायचो. ती हसायची आणि मग खोकायची.

पहिल्या वर्षी त्या दाराला कुलूप नव्हतं. ते कसं आलं, ते सांगतो.

आमच्याकडे कापूस वेचणाऱ्या बाईला वेचणीचा वाटा कापसातच मिळतो. तो मिळाल्यावरही दिवस संपताना ती एक मूठ कापूस ओटीत बांधते आणि शेतमालक तिकडे बघत नाही. उलट कुणी रिकाम्या ओटीने गेली तर मालकिणीला वाईट वाटतं. कोठीतल्या बायका सगळ्या शेतावरून आलेल्या. त्यांत एक म्हातारी माळीण होती. चांदूर बाजाराकडे तिची भाजीची वाडी होती, विहीर आटल्यावर इकडे आली होती. एका संध्याकाळी शेट आवारात उभा असताना ती त्याच्यासमोर गेली, मूठभर कापूस ओटीत बांधला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "शेट, तुमच्या घरची लक्ष्मी हाय. मूठभर नेतो." तिला वाटलं, आपण मालकाचा मान केला. शेटने मामाकडे पाहिलं. मामा वऱ्हाडचाच होता, कुणब्याच्या पोटचा होता, त्याला ती रीत माहीत नव्हती असं नाही. त्याने खाली पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दाराला लोखंडी कडी बसली आणि कुलूप आलं. सकाळी बायका आत गेल्या की कुलूप लागायचं ते दिवस मावळताना निघायचं. दुपारी एकदा मामा उघडायचा, तेवढंच. किल्ली त्याच्या करदोड्याला.

हल्ली सरकी काढायच्या जिनांतली पोरं एकी करायची म्हणून माझ्याकडे येऊन बसतात आणि विचारतात, बाबा, तुमच्या वेळी एवढा जाच होता, मग तुम्ही एक का नाही झाले? त्यांना वाटतं, जाच वाढला की माणसं आपोआप एक होतात. तसं असतं तर भुकटीने आम्हाला पहिल्याच महिन्यात एक केलं असतं. पण मामा जाच सारखा वाटतच नव्हता. एकीला झरोक्याखाली बसवायचा, दुसरीला ढिगामागे. एकीचं मडकं सावलीत, दुसरीचं झरोक्यातून येणाऱ्या उन्हात. दाबावर आम्हाला उघडी हवा, चिलीम ओढायला वेळ आणि नेहमीपेक्षा बरी मजुरी. ज्याच्या वाट्याला थोडं बरं आलं, त्याची जीभ गप्प. बायकांना कुलूप आहे हे आम्हा सोळा जणांना दिसत होतं, पण आम्ही फिरत होतो आणि फिरणाऱ्याला थांबून बघता येत नाही, असं मी स्वतःला सांगायचो.

माघात एक दिवस पेटीत उतरलो आणि उजव्या पायाच्या टाचेखाली गरम लागलं. उन्हाची ऊब सगळीकडे सारखी असते. ही एका जागी होती, वाटीएवढी. गाडीवान गाडीवर बसून चिलीम ओढतात, एखादी ठिणगी कापसात पडते, वरून काहीच दिसत नाही, आणि ती आत आत खात जाते. दोन दिवस, चार दिवस. मी मामाला हाक मारली.

"मामा, पेटीत गरम लागून राहिलं."

"ऊन खाल्लेला कापूस हाय. गरम लागन नाही त काय थंडा लागन?"

"एकाच जागी हाय."

"तुडव. दाबल्यावर हवा भेटत नाही, आपोआप इझते."

मी तुडवलं. गठाण बांधली आणि ती इतर गठाणींबरोबर कोठीच्या भिंतीला लावून ठेवली. त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या भिंतीपलीकडे रोज माझी बायको बसते, हे माझ्या डोक्यातून जाईना. गठाण दुसऱ्या दिवशी गाडीवर चढून गेली. पुढे तिचं काय झालं, कुणाला ठाऊक.

फाल्गुनात अकोल्याहून एक गाडीवान आला. पाणी प्यायला आणि म्हणाला, शेटच्या तिकडच्या आवारात भरदुपारी कोठी पेटली. तिथेही कुलूप होतं. किल्लीवाला जेवायला गेला होता. आत किती बाया होत्या, ते कोणीच नीट सांगेना. गाडीवान एवढंच म्हणाला, "आधी आवाज आले. मंग नाही आले." तो बैलांना पेंड घालून गेला. आम्ही दांड्यांशी उभे होतो आणि एकाही माणसाने दुसऱ्याकडे पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी बायकांनी मामाला विचारलं, कुलूप नको, नुसती कडी लावा. म्हातारी माळीण पुढे होती. मामा म्हणाला, शेटला विचारतो. आठ दिवस तो शेटला विचारत राहिला. कुलूप तसंच.

मग मी तोंड उघडलं. माझ्या दांड्यावरचा जोडीदार मुसलमान होता, शांत, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. त्याची कोणी कोठीत नव्हती. मी त्याला म्हटलं, दाब थांबवल्याशिवाय कुलूप निघायचं नाही. तो म्हणाला, "थांबवू. पन थांबलो त सगळे थांबू. एक बी फुटला नाही पाह्यजे." शपथेचा प्रश्न आला. आमच्यातले काही बेलभंडारा उचला म्हणाले, पण त्याने बेल कसा उचलावा? शेवटी त्यानेच सुचवलं, ज्या दांड्याला सगळ्यांचे हात लागतात त्याच्यावरच हात ठेवू. सोळा जणांनी ठेवले. माझा हात सर्वांत आधी.

दुसऱ्या सकाळी पेटी भरली, मळसूत्र अर्ध्यावर आलं आणि आम्ही थांबलो. इतकं शांत झालं की कोठीतल्या बायकांचं खोकणं ऐकू यायला लागलं. मग तेही थांबलं. त्यांना कळलं होतं. मला त्या क्षणी फार अभिमान वाटला, हे खोटं कशाला सांगू.

मामा आला. ओरडला नाही. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला लिंबाखाली नेलं. म्हणाला, "काहून करून राहिला हे?"

"कुलूप काढा."

"कुलूप शेटचं हाय. म्या काढलं त उद्या मी नाही अन् तू बी नाही. तुले काळजी कोनाची? तुह्या बायकोची. उद्यापासून तिले बाहेर काढतो. पानी भरन. सावलीत राहीन. मंग तुले कुलपाशी काय करा लागते?"

मी म्हणालो, "अन् बाकीच्या?"

"बाकीच्या काय तुह्या बायका हायेत?"

विचार करायला मी फार वेळ घेतला नाही. अकोल्याची कोठी डोळ्यांपुढे आली आणि त्यातून मी एकीलाच बाहेर काढून घेतलं. परत दांड्याकडे आलो आणि दांड्यावर हात ठेवून जोर लावला. माझा जोडीदार माझ्याकडे बघत राहिला. त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यानेही हात ठेवला. मग तिसऱ्याने. मळसूत्र करकरलं आणि दाब फिरायला लागला. कोठीतलं खोकणं पुन्हा सुरू झालं.

बायको दुसऱ्या दिवशी बाहेर आली. अर्धा दिवस तिने पाणी भरलं. दुपारी मामाने जेवणासाठी कुलूप उघडलं तेव्हा ती घागर लिंबाखाली ठेवून कोठीत शिरली आणि पुन्हा बाहेर आलीच नाही. मामाला म्हणाली, "खांदा दुखते. पान्याचं काम जमत नाही मले." संध्याकाळी मी तिच्यावर बरसलो. सोन्यासारखं काम सोडलं, माझी लाज घालवली, काय काय बोललो. ती चुलीपुढे बसून ऐकत होती. मी लिंबाखाली काय बोललो, हे तिला कोणी सांगितलं होतं की तिने स्वतःच ओळखलं होतं, हे मला आजही माहीत नाही.

त्यानंतरचे दिवस मला आवडत नाहीत आठवायला. दाबावर कोणी माझ्याशी वाकडं वागलं नाही. माझी चिलीम मात्र मलाच भरावी लागायची. चैत्राचं ऊन चढत गेलं. मी पेटीत उतरलो की आधी सगळीकडे पाय फिरवून बघायचो, मग तुडवायचो. मामा हसायचा, "काय शोधून राहिला? पैंजन पडलं काय?"

बायको घरी आली की पाणी प्यायची. तांब्या तोंडाला लावायची तो रिकामा करूनच खाली ठेवायची, मग दुसरा. मी म्हटलं, "तिथं मडकं नाही काय?" म्हणाली, "हाय." तिच्या नखांत माती असायची. एकदा विचारलं तर म्हणाली, चूल सारवली. मी चुलीकडे पाहिलं. ती आठवड्यापूर्वी सारवलेली होती, पोपडे निघालेले. कुठेतरी मला विचारायचा हक्क राहिला नव्हता, हे मला समजत होतं, आणि त्याचा राग येत होता.

वैशाखातली ती दुपार. वारा पश्चिमेचा, भट्टीसारखा. मामा बाजारात गेला होता. मी पेटीत उतरलो आणि डाव्या पायाखाली नुसती ऊब नाही, चटका बसला. माघातला तो प्रसंग मनात होता. या वेळी मी तुडवणार नव्हतो. मी ओरडलो, "उपसा." दोघे-तिघे वाकले आणि आम्ही हातांनी कापूस बाहेर फेकायला लागलो. तिथे चुकलो. दाबून ठेवला असता तर धुमसत राहिला असता, पाणी आणायला वेळ मिळाला असता. आम्ही त्याला उलगडला, वारा लावला. माझ्या हातातला पुंजका हातातच पेटला. वाऱ्याने तो उचलला आणि कोठीच्या गवतावर नेऊन टाकला.

छप्पर एका दमात पेटलं. मी धावलो. दाराला कुलूप. हातात येईल त्या दगडाने कुलपावर मारत सुटलो. लोखंड तापत गेलं, दाराच्या फळ्यांतून धूर येऊ लागला. मी तिला हाका मारत होतो. आतून कसलाच आवाज येत नव्हता. ओरडणं नाही, दारावर थाप नाही, खोकणंसुद्धा नाही. गाडीवानाचं बोलणं मला आठवलं, आधी आवाज आले होते. इथे आधीचेही नव्हते. मग छप्पर आत कोसळलं आणि माझ्या जोडीदाराने मला काखेत धरून मागे ओढलं.

तो मला ओढत आवाराला वळसा घालून मागच्या नाल्याकडे घेऊन गेला. मला वाटलं, पाण्यात घालतोय, माझे हात भाजले होते. नाल्याच्या कोरड्या पात्रात, पळसांच्या तोकड्या सावलीत, बायका बसल्या होत्या. सगळ्या. म्हातारी माळीण प्रत्येकीच्या डोक्याला हात लावत मोजत चालली होती आणि शेवटच्या डोक्यापर्यंत पोचल्यावर मटकन खाली बसली.

कोठीच्या मागच्या भिंतीला, जिथे कापसाचा ढीग सर्वांत उंच असायचा तिथे, खाली एक भोक होतं. सरपटत एक माणूस जाईल एवढं. महिनाभर त्या भिंत खरवडत होत्या. एकीने कमरेला लपवून खुरपं आणलं होतं. माती सुकी आणि दगडासारखी, म्हणून प्रत्येक बाई आपल्या मडक्यातलं अर्धं पाणी भिंतीवर ओतायची. कुणबीण, माळीण, महारीण, मुसलमानीण, एरवी एकमेकींच्या मडक्याला न शिवणाऱ्या. निघालेली माती टोपलीत, वर कचरा, आणि संध्याकाळी मामाच्या नाकासमोरून नाल्यात. तो त्यांच्या ओट्या तपासायचा, टोपल्या नाही. बाहेरून कोणाला दिसू नये म्हणून शेवटचा वीतभर थर त्यांनी तसाच ठेवला होता आणि त्या दुपारी माझं "उपसा" कानावर पडताच तो लाथांनी पाडला. हे सगळं मला जोडीदाराने सांगितलं. त्याला कधीपासून ठाऊक होतं, असं मी विचारलं. तो म्हणाला, बाहेरून कोणी येतंय का हे बघायला त्यांना एक माणूस हवा होता.

मी बायकोजवळ जाऊन बसलो. तिचे केस मातीने भरलेले, कोपर सोललेलं. मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण इतक्या बायकांपुढे कसं घेणार, आणि हातांची कातडीही निघालेली. मी म्हणालो, "मले काहून नाही सांगतलं?"

कुणीतरी सोबत आणलेल्या मडक्यात तिने पदराचं टोक भिजवून माझ्या हातावर ठेवलं. मग म्हणाली, "तुमाले सांगतलं असतं, त तुमी मामाले सांगतलं असतं."

तिने ते रागाने म्हटलं नव्हतं. शेजारच्या बायकांनी मान वळवूनही पाहिलं नाही, म्हणजे हे त्यांच्यात आधीच बोलून झालेलं होतं. आम्ही नंतर चाळीस वर्षं संसार केला आणि तिने तो विषय पुन्हा काढला नाही. मीही कधी तिला, तू चुकलीस, असं म्हटलं नाही, कारण ती आत कोंडलेली होती, मला तिची भीती वाटत होती, आणि त्या भीतीपोटी मी मामाला सांगितलंच असतं.